वहीत लेकी नसतात

न्हावऱ्याच्या माळावर त्या पुनवेला किती माणसं होती? आमचा दूधवाला जालिंदर म्हणतो, पाच हजार. मी मोजली. तीस वर्षं शाळेत हजेरी घेणाऱ्याला माणसं मोजायची खोड असते. सातशे नव्वद. पुढचं मोजणं सोडून दिलं. दुसऱ्याची गर्दी मोजताना आकडा घशात अडकतो.

लिंबाखाली घोंगडी. घोंगडीवर पिढीनाथ महाराज. पुढ्यात काशाची परात, परातीत पाणी. महाराज पाण्यात बघायचे आणि समोरच्याच्या मेलेल्या पूर्वजांची नावं सांगायचे. एक नाही, दोन नाही, चार-चार पिढ्या.

"हाले पाणी, डोले पाणी, उघड रे बाबा जुनी खाणी! कोण आलं? पणजा आलाय. लांबून आलाय, तहानलाय. बोल रे बाबा, लाजू नको, लेकरं बसल्यात... सं... सं... संभा? न्हाई, न्हाई. संताजी! व्हय का न्हाई गं बाई?"

"व्हय जी!" न्हावऱ्याची सिंधूबाई किंचाळली.

"संताजीचा तुकोजी. तुकोजीचा बाळा आन् मारुती. मारुतीचं तीन लेक. पानी दे गं पणज्याला, पानी!"

परातीतलं पाणी थरथरलं. आठशेच्या आसपास माणसं "आली, आली, पिढी आली" म्हणून माळावर आडवी झाली. पाणी थरथरलं, कारण महाराजांचा डावा गुडघा परातीला लागत होता. मी बाभळीला टेकून उभा होतो, मला दिसलं. इतरांनी डोळे मिटले होते.

सिंधूबाईनंतर रांगेतून एक पांढरं लुगडं पुढं आलं. गळ्यात काळ्या दोऱ्यात छोटा क्रूस.

साराबाई. आमच्या शिरूरच्या मिशनातल्या साराबाई.

—

माझ्याविषयी थोडं सांगतो, जास्त नाही.

मी शलमोन पारधे, मिशनच्या शाळेतला मास्तर. बारा वर्षांपासून या भागातले जुने कागद वाचतोय. कुलकर्ण्यांच्या माळ्यावरचे, चावडीतले, पुण्याच्या दप्तरातले. त्यासाठी मोडी शिकलो, डोळे अधू करून घेतले. सन एकोणपन्नासमध्ये न्हावऱ्याच्या चावडीत मी व्याख्यान दिलं होतं, 'आपल्या गावाचे जुने कागद'. श्रोते सात, त्यातले तिघे एस.टी.ची वाट बघत बसलेले. त्या दिवशी मी सिंधूबाईंच्या घरातल्या दोन पिढ्या सांगितल्या होत्या. संताजी. तुकोजी. तीच नावं.

तिचे मालक तेव्हा जांभई देऊन म्हणाले होते, "मास्तर, मेलेल्यांची नावं घिऊन काय चाटायचं हाय?"

त्या पुनवेला तेच मालक माळावर लोळत होते. पाठीला कुसळं.

मला महाराजांचा राग आला नव्हता. हे वाक्य खोटं आहे, पण राहू द्या, त्याच्याशेजारी खरं लिहितो: मला महाराजांची जागा हवी होती. घोंगडी नको, परात नको. फक्त ती माणसं, माझं बोलणं संपायच्या आत रडू लागणारी.

—

दुसऱ्या दिवशी साराबाईंच्या खोलीत गेलो. मिशनच्या दवाखान्यात चाळीस वर्षं आया होत्या त्या. आता खोलीत एकट्या. पेटी उघडी, लुगडी घडी घालून ठेवलेली.

"कुठं निघालात, मावशी?"

"निमोण्याला. माझ्या पुतण्याकडं." हा शब्द त्यांनी साखरेचा खडा चघळावा तसा चघळला. "संपत नाव हाय त्याचं. म्हाराजांनी सांगितलं, माझा बाप निमोण्याचा. सखाराम. थोरल्या दुष्काळात घर उधळलं, मी हरवले. संपत माझ्या भावाचा लेक. येत्या पुनवेला समद्यांच्या समोर मला गाडीत घिऊन जाणार."

"आणि ही खोली?"

"सोडली की. एक तारखेपासून नव्या नर्सबाईला दिली."

"पाळकसाहेब रागावले नाहीत?"

"रागावले. पण बापाचं नाव त्यांनी बी कधी सांगितलं न्हाई." त्या पेटीच्या झाकणावर हात फिरवत राहिल्या. "मास्तर, साठी उलटली माझी. दवाखान्यात, कचेरीत, कुठं बी बापाचं नाव विचारलं की मी 'मिशन' सांगायची. लोक हसायचे. आता सांगीन, सखाराम."

मी बोललो नाही.

बोलायला हवं होतं. माझ्या शाळेतल्या कपाटात मिशनच्या जुन्या बालकाश्रमाचं रजिस्टर आहे. थोरल्या दुष्काळात आणलेल्या प्रत्येक पोराची त्यात नोंद आहे. दोनशे चौदा नंबरची नोंद साराबाईंची. गाव निमोणे नाही. बाप सखाराम नाही. ही नोंद मी तीन वर्षांपूर्वी वाचली होती.

तीन वर्षं का गप्प होतो? मी मिशनचा इतिहास लिहीत होतो. दोनशे चौदा नंबर हे माझ्या पुस्तकाचं सगळ्यात सुंदर पान होणार होतं. वार्षिक सभेत मी ते वाचणार, साराबाई उठून उभ्या राहणार, सभा रडणार. आधी सांगितलं असतं तर पाळकसाहेबांनी रविवारी व्यासपीठावरून सांगून टाकलं असतं. माझं पान त्यांनी खाल्लं असतं.

म्हणून कपाटाला कुलूप.

—

सातवीच्या वर्गाला मी पुढचा प्रश्न घातला.

एक बाई अमावास्येला महाराजांकडे जाते. महाराज म्हणतात, आज फक्त नाव, कूळ आणि गाव सांग, पूर्वजांना निरोप जातो. उत्तर पुनवेला मिळते. तर महाराजांना उत्तर द्यायला किती वेळ लागला?

चाळीसपैकी अडतीस पोरांनी लिहिलं: पंधरा दिवस.

दोघांनी लिहिलं: लगेच. दोघंही न्हावऱ्याचे. त्यांनी घरी ऐकलेलं लिहिलं. घरची माणसं सांगताना अमावास्या गाळत होती. "गेलो, बसलो, म्हाराजांनी पान्यात बघितलं आन् सांगितलं." मधले पंधरा दिवस चमत्काराच्या आड येत होते, म्हणून लोकांनी ते स्वतःच खाऊन टाकले. महाराजांना खोटं बोलावंही लागलं नाही.

पंधरा दिवसांत पाताळातून निरोप येतो. पंधरा दिवसांत नाशकालाही जाऊन येता येतं.

नाशिक डोक्यात यायचं कारण साधं. आपल्याकडचा माणूस गंगेवर पिंडदानाला गेला की तिथले उपाध्ये वही काढतात आणि विचारतात, कोण, कुठले, बाप कोण, आजा कोण, भाऊ किती, लेक किती. ते लिहून घेतात. पन्नास वर्षांनी नातू गेला की तेच पान उघडून वाचून दाखवतात. हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. फक्त गेलेला म्हातारा मेला की घर विसरतं.

अमावास्येनंतर पाच दिवस थांबलो, रजा टाकली. एस.टी.नं दौंड, दौंडहून मनमाडची पॅसेंजर, तिथून नाशिक.

उपाध्ये म्हातारे होते. खांद्यावर उपरणं, बोलण्यात घाई. "शिरूर तालुका? न्हावरे? या वर्षी तुमच्या गावाला झालंय काय हो? दर महिन्याला एक दाढीवाला येतो. भाऊबंद पिंडदानाला यायचेत म्हणतो, वंशावळी उतरवून नेतो. परवाच आठ घराणी उतरवून गेला."

"कोणती आठ?"

त्यांनी खुणेच्या काड्या घातलेली वही माझ्यापुढं सरकवली. काड्या अजून तिथंच होत्या. त्यांचा काही दोष नव्हता. यजमानाला त्याचे पूर्वज सांगणं हेच त्यांचं काम.

मी आठही पानं उतरवली. मग निमोण्याचा सखाराम मागितला. सापडला. शेवटची यात्रा सन एकतीस. सखारामाचे लेक तीन, नावांनिशी. लेक एकही हरवलेला नाही, आणि लेकी...

"मुली कुठे लिहिल्यात, गुरुजी?"

"मुली?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "मुली आम्ही लिहीत नाही. त्या सासरच्या वहीत येतात, सून म्हणून. आल्या तर."

म्हणजे साराबाई त्या वहीत असणं शक्यच नव्हतं. महाराजांनी काय केलं होतं? संपतच्या सुनेला मूल राहत नव्हतं, हे साराबाईंच्याच तोंडून कळलं होतं; तो विचारायला आला. त्याला सांगितलं, दुष्काळात हरवलेली आत्या तळमळतेय. साराबाई बाप विचारायला आल्या. त्यांना संपत सांगितला. दोन गिऱ्हाइकं एकमेकांना चिकटवली. दोघांनीही पाय धरले.

परतीच्या गाडीत मी खूश होतो. साराबाईंसाठी? नाही. माळावर मी काय बोलणार, कुठं थांबणार, कुणाकडं बघणार, याची मी उजळणी करत होतो.

—

पुनव. सकाळची वेळ. महाराज परातीपुढं बसायच्या आधी मी जालिंदरला गाठलं. जालिंदर महाराजांचा पट्टीचा भक्त आणि आमच्या मिशनला दूध घालणारा. चौथीपर्यंत माझ्याच हाताखाली शिकलेला. त्याला डिंकानं चिकटवलेलं पाकीट दिलं.

"ह्ये काय, मास्तर? म्हाराजांना चिठ्ठी व्हय?"

"तुझ्याकडं ठेव. मी सांगेन तेव्हा फोड."

"भानामती तर न्हाई ना?"

"असेल तर तुझे महाराज आहेत की उतरवायला."

"त्ये बी खरं," म्हणून त्यानं पाकीट फेट्यात खोवलं.

महाराजांनी पाणी डोलवलं. आठ घराणी झाली. आठ वेळा माळ आडवा झाला. साराबाई पेटीवर बसून बघत होत्या. शेजारी संपतची बैलगाडी, गाडीत नवी घोंगडी अंथरलेली. संपत साधा माणूस. सारखा घोंगडीच्या सुरकुत्या काढत होता.

"जालिंदर, फोड," मी म्हणालो.

तो वाचू लागला. पहिलं घराणं, दुसरं. तीच नावं, त्याच क्रमानं. तिसऱ्याला त्याचा आवाज बसला. आठवं संपलं तेव्हा माळावर फक्त बैलांच्या गळ्यातली घुंगरं वाजत होती.

मग मागून कुणीतरी ओरडलं, "मास्तरच्या बी अंगात आलं!"

"व्हय! मास्तरला बी दिसतंय!"

"परातीबिगर!"

आणि एक म्हातारी खरोखर वाकली. माझ्या पायांवर. तिच्यामागं दुसरी. त्यांच्यामागं सिंधूबाईंचे मालक, ते जांभईवाले.

मी पाय मागं घेतले.

लगेच नाही. हे लिहून ठेवणं भाग आहे. किती वेळ गेला ते मोजलं नाही. जे मिळावं म्हणून मी बारा वर्षं जळत होतो ते माझ्या वहाणांवर डोकं टेकत होतं, आणि ते गोड लागत होतं. महाराज माझ्याकडं बघत होते. रागानं नाही. ओळखीनं.

त्या नजरेनं मी भानावर आलो.

"उठा," मी म्हणालो. "मला काही दिसत नाही. मी वाचलं. दौंडहून गाडी मिळते, मनमाडला बदलायची, नाशकाला उतरायचं, उपाध्ये वही दाखवतात. तुमचेच आजे-पणजे जाऊन लिहून आलेत तिथं. महाराजांचा माणूस दर महिन्याला तीच वही उतरवून आणतो. तुम्ही अमावास्येला नाव-गाव देता ते त्यासाठी. या आठांना पंधरा दिवसांपूर्वी काय विचारलं होतं, आठवा."

"खोटं हाय!" महाराजांचा दाढीवाला गरजला.

"मग महाराजांनी आत्ता या आठांतल्या हौसरावांच्या किसनचुलत्याला सुखी राहा म्हणून आशीर्वाद का दिला?"

हौसराव टोपी काढून डोकं खाजवू लागले. "त्ये मला बी खटकलं जी. चुलता एकुणचाळीस सालीच गेला."

"वहीत तो जिवंत आहे. तुमच्या घरचं शेवटचं माणूस यात्रेला गेलं तेव्हा तो होता. त्यानंतर कोण मेलं ते वहीला ठाऊक नाही, म्हणून महाराजांच्या पूर्वजांनाही ठाऊक नाही. स्वर्गात बसून सुतकाची बातमी नाही!"

थोडे हसले. महाराजांनी दोन्ही हात वर केले. "पितरं जिवंत-मेला भेद मानत न्हाईत, बाळा! त्यांना समदे सारखेच!"

त्यावर माना डोलल्या. मला वाटलं, संपलं. हा माणूस माझ्यापेक्षा चांगला बोलतो.

तेवढ्यात बायकांतून रंगुबाई उठली. न्हावऱ्याचीच, भाजी विकणारी. मी तिला काही शिकवलं नव्हतं. तिनं आपलं आपणच विचारलं.

"म्हाराज, माझ्या सासऱ्याच्या बहिनीचं नाव सांगा बरं."

"लेकी परक्याचं धन, बाई. त्यांची वाट सासरच्या पितरांत जाती."

"लगीन झालंच न्हवतं की तिचं. आठ वर्साची असताना पटकीनं गेली. तिचं सासर कुठलं?"

महाराज पाण्यात बघू लागले.

"सांगा की. आमच्या घरात अजून तिच्या नावानं घास काढत्यात. पुरुषांच्या चार-चार पिढ्यांची नावं पाठ हायती तुमच्या पान्याला, एक पोर ठावं न्हाई?"

"माझ्या आत्याचं सांगा," दुसरी म्हणाली.

"माझ्या आजीच्या पाठच्या बहिनीचं?"

बायका एकेक करून उठत गेल्या. कुणी रागानं, कुणी नुसतं बघू या म्हणून. एकही नाव परातीतून वर आलं नाही. वहीत लेकी नसतात. पाण्यात कुठून येणार? दाढीवाल्यानं परातीतलं पाणी हळूच लिंबाला ओतलं आणि घोंगडी झटकायला घेतली. पुन्हा म्हणून त्या माळावर ती कुणी अंथरलेली बघितली नाही.

—

साराबाई पेटीवरून उठल्या नव्हत्या.

"मग मी कुणाची?"

संपत गाडीजवळ उभा होता, घोंगडीचं टोक हातात. त्यालाही तेच विचारायचं असावं.

मी खिशातून रजिस्टरची नक्कल काढली. आवाज खणखणीत लावायचा असं गाडीत ठरवलं होतं. तो लागला नाही.

"'नंबर दोनशे चौदा. मुलगी, वय अंदाजे चार. गाव न्हावरे. बाप राघू, दुष्काळी कामावर खडी फोडताना वारला. आई आधीच वारलेली. मुलीला तिचा भाऊ गेनू, वय नऊ, पाठीवर घेऊन चालत आला. तो तिला नकुशी म्हणतो. आम्ही सारा नाव ठेवलं.'"

"न्हावरे," साराबाई म्हणाल्या. त्यांनी पायाखालच्या मातीकडं बघितलं. "हितलीच?"

"हो."

"आन् गेनू? हाय?"

"'नंबर दोनशे पंधरा. गेनू. आल्यापासून अन्न पोटात ठरलं नाही. आठव्या दिवशी वारला. आपल्या कबरस्तानात, चिंचेजवळ, तिसरी रांग.'"

शिरूरचं मिशनचं कबरस्तान दवाखान्याच्या मागं आहे. साराबाईंच्या खोलीच्या खिडकीतून ती चिंच दिसते. चाळीस वर्षं.

मग त्यांनी विचारलं, "मास्तर, ह्ये कधी घावलं तुम्हाला?"

इथं खोटं बोलता आलं असतं. परवा, म्हणता आलं असतं.

"तीन वर्षं झाली."

"तीन." त्यांनी मान हलवली. "एका शाळंच्या भिंतीपल्याड राहतो आपण. रोज नमस्कार घालता." मग त्यांचा आवाज चढला. "त्या बाबानं मला खोटं दिलं. पर दिलं तरी! तुमच्याकडं खरं हुतं, आन् तुम्ही कुलपात ठेवलंत. मी भावाच्या उशाशी राहिले आन् त्याला एक फूल घातलं न्हाई. तीन वर्सं तर घातलं असतं!"

माळावरची सगळी माणसं आता माझ्याकडं बघत होती. मला हवी होती तेवढी.

संपत पुढं आला. त्यानं पेटी उचलून गाडीत ठेवली. "बसा, आत्या."

"मी तुझी आत्या न्हाई रं."

"नसंना का. म्हातारं मानूस हाय, पेटी हाय. शिरूरपातुर सोडतो."

त्या चाकावर पाय देऊन चढल्या. मीही गाडीकडं निघालो तेव्हा त्यांनी हात आडवा केला. "मास्तर, तुम्ही चालत या."

मी चालत आलो. न्हावरे ते शिरूर हे अंतर एका नऊ वर्षांच्या पोरानं बहिणीला पाठीवर घेऊन, उपाशी, तोडलं होतं. मला रिकाम्या हातानं चार तास लागले. पाळकसाहेबांना सगळं सांगून त्याच रात्री साराबाईंची खोली परत मागितली. नर्सबाई दुसऱ्या खोलीत गेल्या, साराबाई आपल्याच खिडकीशी राहिल्या. माझ्याशी त्या अजून फारसं बोलत नाहीत.

वाचणाऱ्यांना माझं सरळ सांगणं आहे. पाण्यात, राखेत, आरशात कुणाचेही पूर्वज दिसत नाहीत. जे नाव कुणाला ठाऊक आहे ते कुणीतरी, कधीतरी, कुठंतरी सांगितलेलं किंवा लिहिलेलं असतं. म्हणून नाव सांगणाऱ्याचे पाय धरू नका, त्याला विचारा: कुठं लिहिलंय ते दाखव. चावडीत जा, कचेरीत जा, नाशकाला जा, देवळात, चर्चमध्ये, शाळेत जा. कागद तुमच्या घरचा आहे, तो बघायचा तुम्हाला हक्क आहे. वहीत काय आहे ते वाचा आणि काय नाही तेही वाचा. लेकींची नावं नसतील तर घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारून आजच लिहून काढा.

आणि एखादा मास्तर कुलपाची किल्ली खिशात घालून म्हणाला, 'थांबा, अजून वेळ आहे,' तर त्याचंही ऐकू नका.